८२ माणसांची काउंटी आणि अर्धा पडलेला डोंगर

परवा एका ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'अमेरिकेतला शापित जिल्हा! वस्ती फक्त ८२, लहान मुलांना प्रवेशबंदी!' शाप सोडला तर बाकी खरं आहे. ही हवाईतल्या मोलोकाई बेटावरची कालावाओ काउंटी. क्षेत्रफळ जेमतेम ३१ चौरस किलोमीटर, २०२० च्या जनगणनेत माणसं ८२. निवडून आलेलं सरकार नाही, कारभार राज्याच्या आरोग्य खात्याकडे.

नकाशात बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एक चपटी जीभ समुद्रात आलेली दिसते. तीन बाजूंना खवळलेलं पाणी, चौथ्या बाजूला पाचसहाशे मीटरचा उभा कडा. वरून खाली गाडीरस्ता नाही. एक पायवाट, तिला २६ वळणं.

हा कडा आला कुठून? पूर्व मोलोकाई हा मुळात अखंड ज्वालामुखी होता. समुद्रतळापासून वाढत आलेल्या अशा ज्वालामुखीत एक गोम असते. उघड्यावर वाहिलेल्या लाव्ह्याचा सलग कातळ होतो, पण तोच लाव्हा पाण्यात शिरला की तडकून त्याचा चुरा होतो. तापलेल्या काचेवर गार पाणी पडावं तसा. पुढचा लाव्हा या चुऱ्यावर पसरतो. म्हणजे वर जड कातळ आणि पायात काचेचा भुगा! त्यात आतल्या भेगांमध्ये घुसणारा शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, पाचरीसारखा बाहेर रेटत असतो. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडचा अर्धा डोंगर समुद्रात गेला. त्याचा मलबा तळावर शंभराहून जास्त किलोमीटर लांब पसरलेला आहे. उरलेल्या अर्ध्याची बाजू, लाटांनी आणखी तासलेली, म्हणजे हा कडा.

आणि जीभ? ती फार नंतरची, तीनेक लाख वर्षांपूर्वीची. कड्याच्या पायथ्याशी एक छोटा ज्वालामुखी वर आला. पण तोवर मोलोकाई शिलारस पुरवणाऱ्या तप्त ठिकाणापासून केव्हाच दूर सरकलं होतं. मग हा शिलारस कुठला? एक पटणारं उत्तर असं: आग्नेयेला नवी अवजड बेटं वाढली की त्यांच्या भाराने भूकवच दबतं आणि थोड्या अंतरावर किंचित उचललं जातं. गादीवर कोणी धपकन बसलं की बाजूला फुगवटा येतो तसं. उचललेल्या भागाखाली प्रावरणातल्या, म्हणजे भूकवचाखालच्या थरातल्या, खडकावरचा दाब उतरतो, दाबाबरोबर द्रवणांक उतरतो, आणि तापमान जराही न वाढता खडक थोडासा वितळतो. त्या ज्वालामुखीच्या मुखात आज तळं आहे. फुटबॉलच्या मैदानाहून लहान, पण खोली २४० मीटरच्या वर.

असा आयता तुरुंग राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटला नाही. १८६५ साली हवाईच्या राजाने कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवण्याचा कायदा केला. ६ जानेवारी १८६६ ला पहिले १२ जण इथे उतरवले गेले. १९६९ पर्यंत सुमारे ८,००० माणसं आली. पिढ्यान् पिढ्या राहणारी मूळ हवाईयन कुटुंबं मात्र हलवली गेली. १९०० मध्ये वस्ती अकराशेच्या वर होती. १९४६ मध्ये सल्फोन औषधं आली आणि आजार आटोक्यात येऊ लागला.

गंमत म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू महाआळशी. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात, आणि बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला सहज रोखते. जंतू सापडला १८७३ मध्ये. तरी 'पूर्वजन्मीचं पाप' म्हणणारे आपल्याकडे अजून भेटतात. आपल्या कायद्यातही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, थेट २०१९ पर्यंत. कालावाओवर हसण्याआधी हे आठवलेलं बरं.

१९६९ नंतर जायची मुभा मिळाली, तरी अनेकांनी तिथंच राहणं पसंत केलं. आजच्या वस्तीत रुग्ण मोजकेच, बाकी बहुतेक आरोग्य खात्याचे आणि राष्ट्रीय उद्यानाचे कर्मचारी. फ्रिज, गाद्या, इंधन असं अवजड सामान वर्षातून एकदा, उन्हाळ्यात समुद्र शांत असताना, तराफ्यासारख्या बोटीतून येतं.

राहिली ती मुलांची बंदी. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, हा नियम जुन्या काळापासूनचा. तेव्हा तिथं जन्मलेलं बाळ आईजवळ ठेवत नसत, लगेच वसाहतीबाहेर पाठवत.