शितावरून मतांची परीक्षा

परदेशी पैसा आला की स्वयंसेवी संस्था सरकार उलथवतात, असा एक संदेश मध्यंतरी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरत होता. परदेशी निधीला करणीसारखी अचाट शक्ती बहाल करणारा हा समज आणि पैसे ओतले की लोकशाही उगवते हा काही देणगीदारांचा दावा, दोन्ही मला सारखेच अशास्त्रीय वाटतात. कारण हा पैसा नेमके कोणते काम करतो, याकडे कोणीच पाहत नाही.

लष्करी हुकूमशहा जनरल पिनोशे यांनी आणखी आठ वर्षे सत्तेवर राहावे की नाही, यावर ५ ऑक्टोबर १९८८ रोजी चिलीत सार्वमत झाले. अधिकृत मोजणी सरकारच्याच हाती असल्याने विरोधकांनी व नागरिकांच्या गटांनी समांतर मोजणी उभारली, म्हणजे केंद्रांवरचे आकडे स्वतः गोळा करून निकालाचा वेगळा हिशेब मांडला. तिच्या साधनांचा आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याचा काही भार, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी या अमेरिकी संस्थेच्या निधीने उचलला.

अशा मोजणीची नमुना पद्धत मला विलक्षण सुंदर वाटते. महाप्रसादाचा टोप कितीही मोठा असला, तरी आचारी चार शिते चेपूनच भात शिजला की नाही ते सांगतो. मतदार एक कोटी असोत वा दहा कोटी, यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या हजार मतदारांच्या नमुन्यात ९५ टक्के वेळा चूक साधारण ३ टक्क्यांच्या आत राहते. ती निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, कारण चूक नमुन्याच्या आकाराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. प्रत्यक्षात मात्र सुटे मतदार नव्हे, तर अख्खी मतदान केंद्रे निवडली जातात. एका वस्तीतले लोक बरेचदा सारखे मतदान करतात. त्यामुळे एका केंद्रावरची पाचशे मते पाचशे स्वतंत्र शितांइतकी माहिती देत नाहीत, आणि मतांपेक्षा केंद्रांची संख्या महत्त्वाची ठरते. शिवाय आचारी जसा झारा तळापर्यंत घालतो, तसेच दुर्गम केंद्रांचे आकडेही यावे लागतात. केवळ शहरांतले आकडे आधी हाती आले, तर निष्कर्ष फसतो.

त्या रात्री सरकारचे सुरुवातीचे आकडे ‘होय’ पुढे असल्याचे सांगत होते, तर समांतर मोजणीत ‘नाही’ जिंकत होते. अखेर हवाई दलाचे प्रमुख फर्नांडो मात्थेई यांनी, राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात शिरताना, ‘नाही’ जिंकल्याचे पत्रकारांना सांगून टाकले. वैध मतांपैकी सुमारे ५६ टक्के मते ‘नाही’ला पडली होती. परदेशी निधीतून साधने मिळाली; केंद्रांवर दिवसभर उभे राहून आकडे टिपणारे लोक मात्र चिलीचेच होते, आणि ते नसते तर त्या साधनांत भरायला काहीच नव्हते.

पैसा कोठून आला हे जाहीर असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र आपल्याकडे विदेशी अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने, एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या कोणाला देण्यास पूर्ण बंदी घातली. त्यामुळे मुंबईत कार्यालय असलेल्या मोठ्या संस्थेला तो पालघरच्या पाड्यावरील छोट्या गटाला देता येत नाही, आणि तळापर्यंत झारा पोहोचवणारे लोक बहुधा अशाच गटांत असतात.