कायबाबच्या हरणांचा एक लाखाचा आकडा

‘अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या कायबाब पठारावर कूगर (मांजरकुळातलं मोठं शिकारी जनावर), लांडगे मारले, त्यामुळे ४ हजार हरणांची १ लाख झाली आणि मग ती उपासमारीनं मेली.’ परिसंस्थेच्या धड्यांत ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे.

निम्मी खरी आहे. १९०६ मध्ये तिथं अभयारण्य झालं, सरकारी शिकाऱ्यांनी शेकडो कूगर टिपले, १९२०च्या दशकात हरणं उपाशी मेली, हे सगळं घडलं. पण हरणं रीतसर मोजली कुणी? १९२४ च्या सुमाराचे अंदाज ३० हजारांपासून १ लाखापर्यंत होते. पुस्तकांनी सगळ्यांत मोठा उचलला. (आलेखसुद्धा त्यावरच काढले!) परिसंस्थेचे अभ्यासक ग्रॅम कॉली यांनी १९७० मध्ये हा घोळ दाखवून दिला. शिवाय त्याच काळात पठारावरच्या मेंढ्या-गुरं खूप घटली होती, हरणांच्या शिकारीलाही बंदी होती. नेमकं कशानं काय झालं हे कळायला कूगर न मारलेला, तसाच मोजलेला दुसरा भाग हवा होता. तो नव्हताच.

अस्पेन झाडांच्या वयावरून पुढे दिसलं, की त्या वर्षांत हरणं खातात ती कोवळी रोपं फारशी टिकलीच नव्हती. म्हणजे हरणं वाढली होती, असं मानायला जागा आहे. किती, आणि केवळ कूगर गेल्यामुळेच का, हे मात्र त्या आकड्यांवरून ठरत नाही.