पिकअपची पुढची चाकं हलकी होतात तेव्हा

उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाकं उचलतात, हे आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो, ड्रायव्हर डाव्या-उजव्या ब्रेकवर ट्रॅक्टर वळवतो. अमेरिकेत पिकअपला कॅम्पिंगचा ट्रेलर जोडणाऱ्यांचा प्रश्नही याच जातीचा. फरक एवढाच की तिथे चाकं उचललेली दिसत नाहीत. ती नुसती हलकी होतात, आणि ते कळतं हायवेवर, ओल्या रस्त्यात, जोरात ब्रेक दाबल्यावर.

हिशेब शाळेतल्या तरफेचाच आहे. ट्रेलर २,५०० किलोचा धरू. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या, म्हणजे पिकअपमागच्या जोडणीच्या, बॉलवर यावा लागतो. ट्रेलर अडकवायचा गोळा तो हा बॉल. कमी आला तर ट्रेलर मागे झोकांड्या खायला लागतो. म्हणून बॉलवर ३०० किलो. आता बॉल काही पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर बसलेला नसतो, तो त्याच्याही दीडेक मीटर मागे असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.७ मीटर. मागचा अ‍ॅक्सल हा टेकू. ३०० ला १.५ ने गुणून ३.७ ने भागा: पुढच्या चाकांवरून सुमारे १२० किलो उठतात, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नव्हे, ४२० किलो येऊन बसतात.

वजन वाटून देणारी हिच, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युटिंग हिच, इथे कामाला येते. तिच्यात स्प्रिंगच्या पोलादाचे दोन लांब दांडे असतात. ते हिचपासून ट्रेलरच्या चौकटीखाली मागे जातात आणि त्यांची टोकं साखळीने किंवा ब्रॅकेटने वर ताणून अडकवतात. त्या ताणाने हिच उलट्या दिशेला पिळली जाते आणि पिकअपचं नाक खाली दाबलं जातं. बॉलपासून ट्रेलरची चाकं ५ मीटरवर असतील, आणि पुढून उठलेल्या वजनापैकी निम्मं परत आणलं, तर मागच्या अ‍ॅक्सलवरचे ४२० किलो साधारण ३२५ वर येतात. सुटलेल्यांपैकी ६० पुढच्या चाकांना मिळतात, ३५ ट्रेलरच्या चाकांवर जातात.

मग ही हिच हवी की नको? आधी गाडीचं मॅन्युअल आणि रिसीव्हरवरचं, म्हणजे हिच जिच्यात बसते त्या गाडीमागच्या नळीवरचं, लेबल वाचा. बऱ्याच हलक्या पिकअपांच्या लेबलवर साध्या बॉलसाठी, म्हणजे ही हिच नसताना, ट्रेलर ५,००० पौंड आणि बॉलवरचं वजन ५०० पौंड अशी मर्यादा असते. वरचा आपला ट्रेलर ५,५०० पौंडांचा आहे, म्हणजे अशा गाडीसाठी प्रश्न तिथेच निकालात निघाला. मर्यादेच्या आत असाल तर टेप घ्या. पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधी मोजा, मग जोडल्यावर मोजा. स्प्रिंगवरचं वजन घटलं की ती तेवढी वर येते. निम्मं वजन परत आणायचं असेल तर दांडे ताणल्यावर उंची या दोन मापांच्या बरोबर मध्ये यायला हवी. निम्मं की त्याहून जास्त, हे मात्र मॅन्युअल सांगेल तसं. त्याहून पक्कं उत्तर हवं असेल तर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं करून घ्या.

खरी फसगत होते ती मागे एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगला जोड देणाऱ्या हवेच्या पिशव्या, बसवणाऱ्यांची. दबलेली शेपटी वर येते, गाडी सपाट दिसते, हेडलाइटचा झोतही जागेवर येतो. पण एअरबॅग अ‍ॅक्सल आणि चासी यांच्या मध्ये बसून फक्त अंतर वाढवते. पुढून उठलेले १२० किलो उठलेलेच राहतात. म्हणून उंची मोजताना एअरबॅगमधली हवा वाढवून चालत नाही, मापच खोटं येतं.

दुसऱ्या टोकाला, दांडे वाजवीपेक्षा जास्त ताणणारेही असतात. मग मागची चाकं हलकी पडतात आणि वळणावर शेपटी बाहेर सरकण्याची भीती. शिवाय या हिचने पिकअपची क्षमता वाढत नाही. दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या वजनात माणसं, सामान, बॉलवरचं वजन आणि खुद्द हिच, सगळं धरायचं. ज्या ट्रेलरची जोडणी पिकअपच्या हौद्यात, थेट मागच्या अ‍ॅक्सलच्या वर होते, त्या फिफ्थ व्हीलवाल्यांना हा खटाटोप करावा लागत नाही.