पूररेषेमागचा भूगोलतज्ज्ञ

पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की सांगलीत एकच विचारणा सुरू होते : आयर्विन पुलावर किती फूट? तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. असा पूर ओसरला की निळ्या आणि लाल रेषेवरून वाद पेटतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळी, १०० वर्षांतल्या पुराची लाल. नदीला बांध घालून न थांबता माणसाच्या बांधकामालाही रेषा आखायला हवी, हा विचार ज्यांनी आयुष्यभर अभ्यासाने पटवून दिला, त्यांत अमेरिकी भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांचे नाव आधी घ्यावे लागते.

व्हाइट यांचा जन्म १९११चा, शिकागोचा. शिकागो विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक हार्लन बॅरोज यांच्या हाताखाली ते शिकले आणि १९३४मध्ये वॉशिंग्टनला सरकारी जलनियोजनाच्या कामावर गेले. १९२७च्या मिसिसिपी महापुराच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. १९३६मध्ये पूरनियंत्रणाचा कायदा झाला आणि धरणे, तटबंध यांवर पैसा ओतला जाऊ लागला. हे सगळे त्यांनी आतून पाहिले. त्यातून उतरलेला प्रबंध १९४५मध्ये छापून आला. त्यातले एक वाक्य आजही उद्धृत होते : पूर ही देवाची करणी, पुरातले नुकसान मात्र बहुतांशी माणसाची.

या वाक्यामागे मोठा आराखडा होता. तटबंध हा अनेक उपायांपैकी एक. जमिनीची पातळी उंचावणे, इमारती पुराला तोंड देतील अशा बांधणे, वेळेवर इशारा देऊन माणसे हलवणे, मदत, विमा आणि मुळात जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणे, हे सगळे एकत्र तोलून पाहा, असे व्हाइट सांगत होते. अभियंत्यांचा हिशेब नदीत किती पाणी येईल यापाशी थांबत असे. व्हाइट विचारत की काठावरचा माणूस तिथे का राहतो आणि त्याच्यापुढे पर्याय कोणते आहेत. भूगोलाला त्यांनी दिलेली ही देणगी मला सगळ्यात मोलाची वाटते.

ते क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये निर्वासितांच्या मदतकार्यात होते आणि जर्मनांनी त्यांना बाडन-बाडनला स्थानबद्ध केले होते. परतल्यावर काही वर्षे हॅव्हरफर्ड कॉलेजचे अध्यक्षपद सांभाळून ते शिकागोला प्राध्यापक झाले. १९५८मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १७ शहरांच्या पूरप्रवण भागांची पाहणी प्रसिद्ध केली. नियंत्रणावर अब्जावधी डॉलर खर्चूनही नुकसान वाढतच होते, कारण तटबंध झाला की लोक निर्धास्त होत आणि त्याच्या आडोशाला नवी घरे उठत. मग तटबंध ओलांडणारा एखादा मोठा पूर येई आणि पूर्वीपेक्षा जास्त संसार वाहून नेई.

१९६६मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सरकारला पूरमैदानाच्या, म्हणजे नदीचा पूर पसरतो त्या सपाट जमिनीच्या, वापरावर लगाम घालायला सांगितले. विम्याबद्दल तिने बजावले होते की तो चुकीच्या रीतीने राबवला तर नुकसान वाढेल. १९६८मध्ये राष्ट्रीय पूरविमा आला. पुढे तो इतका तोट्यात गेला की २०१७मध्ये अमेरिकी काँग्रेसला त्याचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले.

साठच्या दशकातच पत्नी ॲन आणि डॉक्टर डेव्हिड ब्रॅडली यांच्यासह व्हाइट पूर्व आफ्रिकेत घरोघरी पाणी मोजत होते. केनिया, युगांडा, टांझानियातली ३४ ठिकाणे. बाई पाणी कुठून आणते, किती वेळ चालते, जवळची विहीर सोडून लांबच्या झऱ्यावर का जाते? डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रश्नांचे वजन वेगळे सांगायला नको. १९७२मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपाने आला, आणि सुमारे तीस वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी त्याच ठिकाणी जाऊन पुन्हा मोजणी केली. नळ असलेल्या घरांत दरडोई पाणी पूर्वीपेक्षा कमी झालेले आढळले.

१९७०पासून ते कोलोरॅडोत, बोल्डरला होते. १९७६मध्ये तिथे त्यांनी नैसर्गिक आपत्तींचे अभ्यासकेंद्र उभारले. त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री जवळच्या बिग थॉम्पसन दरीत पूर येऊन १४०हून अधिक माणसे गेली. व्हाइट यांची विद्यार्थिनी ईव्ह ग्रंटफेस्ट हिने त्या रात्री कोणी काय केले याचा माग काढला. गाडी पळवून पुराच्या पुढे जायला पाहणारे अनेक जण दगावले; गाडी सोडून उतारावर चढलेले वाचले. आज कोलोरॅडोतल्या दऱ्यांतल्या रस्त्यांवर डोंगर चढणाऱ्या माणसाचे चित्र असलेल्या पाट्या दिसतात : पूर आला तर वर चढा.

रॉबर्ट केट्स आणि इयन बर्टन या शिष्यांनी हीच वाट भूकंप, दुष्काळ, वादळांपर्यंत नेली. २००१मध्ये, नव्वदीला टेकलेल्या व्हाइट यांनी या दोघांसह एक निबंध लिहिला. ज्ञान वाढले, तरी नुकसानही वाढतेच का, हा त्याचा विषय. २००६मध्ये ते गेले. बोल्डर क्रीकच्या काठी त्यांच्या स्मरणार्थ एक स्तंभ आहे. पन्नास, शंभर आणि पाचशे वर्षांच्या पुराचे पाणी कुठवर येईल, त्याच्या खुणा त्यावर आहेत.