दाब आतून, ऑक्सिजन बाहेरून

घरी बिअर करणाऱ्यांच्या बोलण्यात एक युक्तिवाद हमखास येतो: "बाटलीत एवढा गॅस कोंडलाय, तिथे बाहेरची हवा शिरेल कशी?" ऐकायला बिनतोड. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा बाहेरच येते, आत जात नाही, हे कुणालाही ठाऊक असतं. तरीही दोन-तीन महिन्यांनी तीच बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि खापर बिचाऱ्या यीस्टवर फुटतं.

गफलत 'हवा' या शब्दात आहे. पदार्थातून झिरपताना प्रत्येक वायू आपापल्या आंशिक दाबाप्रमाणे, म्हणजे मिश्रणातल्या त्याच्या एकट्याच्या दाबाप्रमाणे, सरकतो. शेजारच्या वायूचा दाब किती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शाळेत शिकलेला डाल्टनचा नियम इथे कामाला येतो. 20 अंश सेल्सिअसला नेहमीच्या बिअरच्या बाटलीत वातावरणापेक्षा साधारण 2 बार जास्त दाब असतो, पण तो जवळपास सगळा कार्बन डायऑक्साइडचा. आतल्या ऑक्सिजनचा दाब शून्याच्या आसपास, कारण होता तेवढा यीस्टने आणि खुद्द बिअरने संपवलेला असतो. बाहेरच्या हवेत तोच दाब 0.21 बार. म्हणजे ऑक्सिजनपुरता उतार आतल्या बाजूला आहे.

ट्यूबच्या भोकातून झोत वाहतो. तिथे रेणू एकमेकांना ढकलत एकाच दिशेने जातात, म्हणून आत यायला वाव नसतो. बिल्ल्याखालच्या, म्हणजे बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाखालच्या, मऊ प्लास्टिकच्या अस्तरात झोत नसतो. रेणू एकेकटा प्लास्टिकमध्ये विरघळतो, लांबलचक साखळ्यांमधून वाट काढतो आणि पलीकडे बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर जात असताना त्याच अस्तरातून ऑक्सिजन आत येत असतो. अस्तर जितकं पातळ आणि पसरट, तितकी ही ये-जा जास्त. म्हणून प्लास्टिकची बाटली काही आठवड्यांपुरतीच ठीक, कारण तिथे सगळी भिंतच अस्तर असते. सिलिकॉनची नळी तर ऑक्सिजनसाठी चाळणीच. आंबवणाच्या भांड्यात बिअरवर 'कार्बन डायऑक्साइडची चादर' पसरलेली असते, ही समजूतही याच जातकुळीची. वायू एकमेकांत मिसळतात. झाकण उघडं ठेवलं तर चादर टिकत नाही.

मात्र अस्तरातून येणारा ऑक्सिजन थेंबे थेंबे येतो. बाटली भरताना आपण घालतो तो बादलीने. 500 मिलीच्या बाटलीच्या मानेत 25 मिली हवा राहिली तर त्यात सुमारे 7 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे लिटरमागे 14. चांगले कारखाने हा आकडा 0.1 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. बाटलीत जिवंत यीस्ट असल्यामुळे घरची बिअर यातून बरीचशी निभावते, पूर्ण नाही.

ऑक्सिजन तसा आळशी रेणू. बिअरमधल्या लोह-तांब्याच्या आयनांकडून इलेक्ट्रॉन मिळाला की तो सुपरऑक्साइड होतो, पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड पुन्हा लोहाला भेटलं की फेंटन अभिक्रियेतून (लोह पेरॉक्साइडला फोडतं ती) हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय आक्रमक कण सुटतो आणि तो समोर येईल त्यावर तुटून पडतो. समोर सर्वांत जास्त असतं इथेनॉल, म्हणजे बिअरमधलं अल्कोहोल. त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) सुगंध मरतो, रंग गडद होतो. पुठ्ठ्याच्या वासाचा मानकरी ट्रान्स-2-नॉनेनाल लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमलाही नाकाला कळतो. गंमत म्हणजे त्यातला बराचसा मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) शिजवतानाच तयार होऊन सल्फाइटला किंवा अमिनो आम्लांना बांधलेला असतो आणि साठवणीत हळूहळू सुटतो.

त्यामुळे भरताना नळी तळाला टेकवा, बाटली हलकेच ठोकून फेस वर आणा आणि फेसावरच बिल्ला ठोका. ऑक्सिजन शोषणारे बिल्ले ओले झाले की कामाला लागतात. ते तासभर जंतुनाशकात भिजवू नका, वापरण्याआधी क्षणभर बुडवा.

बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात. 20 अंशांवर आंबलेल्या 20 लिटर बिअरला 120 ग्रॅम पुरते. ती 250 मिली पाण्यात उकळून, थंड करून, न खळबळता मिसळा. दोन आठवडे 20 ते 22 अंशांवर ठेवा, मगच फ्रिजमध्ये. आधी ठेवली तर यीस्ट झोपतं आणि बिअर सपक राहते. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा सलग तीन दिवस हलला नसेल तरच बाटल्या भराव्यात. आंबायचं राहिलेली 0.001 घनता म्हणजे साधारण बिअरच्या आकारमानाच्या अर्ध्याइतका जादा गॅस. 0.004 राहिली तर काच फुटू शकते. दाब सोसणाऱ्या बिअरच्याच बाटल्या घ्या आणि पहिले काही आठवडे झाकणाच्या खोक्यात ठेवा.

थंड झालेली बिअर पुन्हा कोमट झाली की 'नासते', हा समज मात्र सोडून द्या. महत्त्व असतं एकूण किती दिवस किती तापमानात गेले याला. 10 अंश वाढले की या अभिक्रिया ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट वेगाने होतात, म्हणजे 30 अंशांवरचा एक महिना 4 अंशांवरच्या किमान सहा महिन्यांइतका. फ्रिज लहान असेल तर भरपूर हॉप्सची बिअर आत ठेवा, दोन महिन्यांत संपवा. जास्त अल्कोहोलची गडद बिअर कपाटाच्या तळाशी थांबू शकते.

बाटल्या उभ्याच ठेवा. आडव्या ठेवायची रीत बुचाच्या वाईनची आहे. बुच ओलं राहावं लागतं, बिल्ल्याला त्याची गरज नाही. शिवाय उभ्या बाटलीत यीस्टचा गाळ तळाशी बसतो, ओतताना शेवटचं बोटभर सोडून देता येतं. तपकिरी काच नसेल तर बाटल्या अंधारात हव्यात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून आलेलं ऊन हॉप्सच्या कडू आम्लांपासून जो गंधकयुक्त दुर्गंध तयार करतं, त्याला काही मिनिटंही पुरतात.