क्रेफिश घरी नेल्यावर: कुठला अवयव कशाचा

"क्रेफिश मेला हो!" क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडासारखा नांग्यांचा प्राणी, आणि आमच्या दुकानात सगळ्यात जास्त येणारा फोन हाच. बहुतेक वेळा तो मेलेला नसतो, त्यानं कात टाकलेली असते. जे पडलंय ते उचलून बघा. हलकं, पोकळ, आरपार दिसणारं, आणि पाठीचं कवच शेपटीला मिळतं तिथं फट असेल, तर ते रिकामं खोळ. मिशा, पायांची टोकं, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा त्यात जसंच्या तसं असतं. खोळीचा मालक, म्हणजे क्रेफिश, मऊ अंगानं दगडाआड बसलेला असतो. त्याला हात लावू नका, खोळही काढू नका. तो ते खातो, नव्या कवचाला त्यातला चुना लागतो.

डोकं आणि छाती एकाच कवचाखाली असतात. कवचावरच्या आडव्या खाचेपाशी डोकं संपतं. कवचाच्या दोन्ही कडांखाली कल्ले. मिशांच्या दोन जोड्या: लांब मिशा चाचपडायला, आखूड मिशा वास घ्यायला. आखूड मिशांच्या मुळाशी तोल सांभाळणारी पिशवी असते आणि तिच्यात वाळूचे कण. कातीबरोबर तेही जातात, मग क्रेफिश नवे कण आत भरून घेतो. म्हणून तळाला थोडी बारीक वाळू हवीच. नुसते रंगीत खडे नकोत, आम्ही ते विकत असलो तरी!

पायांच्या पाच जोड्या. पहिली नांग्यांची. तिच्यामागच्या दोन जोड्यांना टोकाला बारीक चिमटे असतात, शेवटच्या दोन नुसत्या चालायच्या. एक नांगी लहान दिसली म्हणून भाव पाडून मागू नका. तुटलेली नांगी परत फुटते आणि दर कातीला वाढत जाते.

नर की मादी, हे शेपटीच्या खालच्या बाजूला कळतं. तिथल्या झुलत्या पायांपैकी पहिल्या दोन जोड्या कडक आणि पुढे वळलेल्या असल्या की नर. मादीचे मऊच असतात, अंडी त्यांनाच चिकटून राहतात. बघण्यासाठी धरताना नांग्यांच्या मागे, कवचाला दोन्ही बाजूंनी धरा. शेपटीचा पंखा मुडपून तो झटक्यात मागे उसळतो, तेव्हा हात टाकीवरच ठेवा.

तांबं असलेलं माशांचं औषध या टाकीत घालू नका.

लाल क्रेफिश मूळचा अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांतला आणि उत्तर मेक्सिकोतला. आपल्या नद्यांत क्रेफिश मुळात नाहीच, म्हणून गिऱ्हाइकं त्याला शेवंड नाहीतर झिंगा म्हणतात. नकोसा झाला तर ओढ्यात, विहिरीत सोडू नका. दुकानात आणून द्या, आम्ही ठेवून घेतो.