क्राऊन-पिनियन बदलताय? आरटीओत अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

जीपला मोठे टायर घातले की ती चढावर दम तोडते. मग मेकॅनिक म्हणतो एक्सलचा रेशो बदला, म्हणजे एक्सलमधल्या क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरच्या दातांचं प्रमाण बदला, आणि कुणीतरी सांगतं आरटीओची परवानगी लागते. पुढचा घोळ मी इतक्या जणांचा पाहिलाय की एकदा लिहूनच टाकतो.

आरसीवर एक्सल रेशोचा रकानाच नाही. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, वजन, व्हीलबेस, आसनं, रंग आहे; रेशो नाही. म्हणून ‘गिअर रेशो बदलणेबाबत’ एवढ्याच विषयाचा अर्ज ‘हे नोंदवायचं कुठे?’ म्हणत परत येतो. पण याचा अर्थ मोकळं रान मिळालं असा नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही. फेरफार म्हणजे रचनेतला, गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटणारा. ‘अमुक राज्यात चालतं’ हा युक्तिवाद तर करूच नका. राज्याचे नियम कलम 52 च्या वर जाऊ शकत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 9 जानेवारी 2019 ला केरळच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

खरी गोम टायरमध्ये आहे. 11 दातांचं पिनियन आणि 41 दातांचं क्राऊन, म्हणजे रेशो 3.73. पिनियन 10 दातांचं असलेला जोड घेतला की 4.10. फरक बरोबर दहा टक्के. टायर 30 इंचांचे 33 केले तर तोही दहा टक्के. हिशेब जुळला, ओढ परत आली, आणि स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सकडून येत असेल तर काटाही खरं बोलतो. (चाकावर सेन्सर असेल तर नाही, मोठ्या टायरने तो वेग कमी दाखवतो.) मेकॅनिकच्या दृष्टीने सगळं चोख. पण आरटीओचा निरीक्षक डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन असतात ती पेटी) उघडत नाही. तो खाली वाकतो, टायरवरची माती अंगठ्याने पुसतो, आकडा वाचतो आणि विचारतो, ‘हा साइज कंपनीच्या यादीत आहे का?’

इथे लागतो तो कुणाकडेच नसलेला कागद: त्या साइजची मंजुरी. कंपनी मॉडेलची मंजुरी एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून घेते. एका जीपच्या मालकाकडे स्वतःच्या टायरसाठी तसलं काही असणार कुठून? हे न कळण्याइतकं कार्यालय भोळं नाही, तरी मागतात. त्यातल्या त्यात वाट एकच: तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइज निवडा आणि मॅन्युअलमधलं ते पान जोडा. त्यापुढचा साइज, वर उचललेलं सस्पेन्शन किंवा दुसऱ्या गाडीचा अख्खा एक्सल असेल, तर नकार धरूनच चला.

आता कलम 52 मधले ते 14 दिवस. लोक समजतात, काम करून घ्या आणि 14 दिवसांत सांगा. अहो, ते दिवस आरसी देऊन, फी भरून नोंद करून घ्यायचे आहेत, परवानगी मिळवायचे नाहीत. शंका असेल तर एक्सलचं हौसिंग (कवच) उघडण्याआधी लेखी विचारा आणि पोच घ्या. परवानगी नसलेल्या फेरफाराला कलम 182अ खाली दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

कर्ज असेल तर बँकेचं लेखी संमतिपत्र हवं. कर्ज फिटलंय पण आरसीवर बोजा तसाच, हे तर नेहमीचं. हप्ते संपले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी देऊन आधी तो उतरवा.

बाकी आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा), ऑनलाइन फी. त्यात विशेष काही नाही.

बिलाकडे मात्र लक्ष द्या. ‘गिअर काम’ एवढंच लिहिलेलं बिल कामाचं नाही. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलची दातसंख्या लिहून घ्या. फोर बाय फोरला दोन्हीकडे एकच रेशो लागतो. पुढचा राहिला तर कडक रस्त्यावर फोर व्हील टाकताच ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. या बिलाची प्रत विमा कंपनीला द्या आणि पॉलिसीवर तशी नोंद करून मागा. फोनवर ‘हो, चालेल’ म्हणाले, तर तेच ईमेलवर लिहून घ्या.